इंजिनातली सुपारी

गॅरेजात येणारं गिऱ्हाईक आधी तोंडानं गाडी सुरू करून दाखवतं. "किर्रर्र होते मिस्त्री, मंग घर्रर्र होते, आन मधीच टुक होते." मोताळ्यात मलकापूर रोडला माझं गॅरेज आहे, आणि डोक्यावर काळे केस होते तेव्हापासून मी हे आवाज ऐकत आलोय. एक गुरुजी तर गाडी आणायचेच नाहीत. फोनवरच आवाज काढायचे. मी इकडून म्हणायचो, "आता जरा रेस द्या गुरुजी," की ते घशानंच रेस द्यायचे. बहुतेक वेळा निदान बरोबर निघायचं, कारण गुरुजींचा घसा इमानी होता.

मागणी मात्र सगळ्यांची एकच, "आवाज काढून द्या." आपल्या भाषेत हे वाक्य मोठं फसवं आहे. आवाज काढ म्हणजे घालव, आणि आवाज काढ म्हणजे कर. गिऱ्हाइकाला पहिला अर्थ हवा असतो. काही गॅरेजवाले दुसरा अर्थ धरून काम करतात. मी कुणाचं नाव घेत नाही, मला त्याच रोडला राहायचं आहे.

आज जी हकीकत सांगतोय ती अशाच एका आवाजाची. तो आवाज टायमिंग चेनचा होता. ज्यांना टायमिंग चेन माहीत आहे त्यांनी पुढचा मजकूर होईपर्यंत दिवाळीच्या फराळातल्या चकलीकडे लक्ष द्यावं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात खाली एक दांडा असतो, त्याला क्रँक म्हणतात. पिस्टन त्याला फिरवतात. वर दुसरा दांडा असतो, तो कॅम. तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. दोन्ही दांड्यांच्या टोकांना दातांची चक्रं बसवलेली असतात, त्यांना आम्ही स्प्रॉकेट म्हणतो, आणि त्यांच्यावरून सायकलसारखी चेन फिरते. खालचा दांडा दोन फेरे घेतो तेव्हा वरचा एक घेतो. पिस्टन वर आला की व्हॉल्व्हनं बाजूला झालेलं असायला हवं, एवढीच त्यांची आपसातली बोली. चेन काही दात सरकली की ती बोली मोडते. मग दोघं एकाच वेळी एकाच जागी येतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि बरं चाललेलं इंजिन उघडून बसावं लागतं.

चेन जुनी झाली की लांबते. सकाळी गाडी सुरू केली की तेल चढेपर्यंत खडखड वाजते. फारच जुनी झाली तर दिवसभर वाजते.

संजूची गाडी दिवसभर वाजायची. संजू म्हणजे तालुक्याच्या कचेरीतला कारकून, माझं जुनं गिऱ्हाईक. गाडी त्यानं दुसऱ्याच्या हातची घेतलेली, डिझेल. चेन बदल म्हणून मी त्याला दरवेळी सांगायचो आणि तो दरवेळी "पुढच्या महिन्यात पाहू" म्हणायचा. कचेरीत राहून माणसाला ही सवय लागते. मग एका नवरात्रात तो स्वतःहून आला, आणि मागच्या सीटवरून त्याची आई उतरली. गोदामावशी. सख्ख्या नात्यानं ती फारच थोड्यांची मावशी असेल, पण अख्ख्या मोताळ्याची मावशी आहे, म्हणून माझीही.

मावशीनं मला सरळ सांगितलं, "युसूफ, दसऱ्याले मले कमलकडे जाच हाय. गाडीचा आवाज काढून दे. एक टिपूस आवाज राह्यला नाई पाह्यजे."

कमल म्हणजे तिची धाकटी बहीण, जालन्याकडे देऊळगाव राजाला दिलेली. दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, आणि त्याला कारण हीच गाडी. बुलढाण्याला कुणाचं तरी लग्न होतं. मावशीनं मोठ्या कौतुकानं बहिणीला नव्यानं घेतलेल्या गाडीत बसायला बोलावलं. संजूनं गाडी सुरू केली, ती खडखडली, आणि कमलनं सासरच्या सगळ्या बायकांसमोर विचारलं, "ताई, ही गाडी आहे का थ्रेशर? सोयाबीन काढायला निघालात काय?" बायका हसल्या. कमल दुसऱ्या गाडीतून गेली. मावशीनं त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं.

गाडीपेक्षाही मावशीला एक गोष्ट जास्त लागली होती. ती मला सांगताना तिचा आवाज चढला. कमल लग्नाआधी चांगली आपल्यासारखी मले-तुले बोलायची. जालन्याकडच्या वाऱ्याला गेली आणि मला-तुला बोलायला लागली. "तवाच मी ओळखलं होतं, ही पोरगी आता आपली नाई राह्यली," मावशी म्हणाली.

मग तिनं सांगितलं की काही महिन्यांपूर्वीच कमलचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि ही बघायला गेली नव्हती. निरोप आला होता, तरी गेली नव्हती. कमल बरी झाली, पण मावशीची झोप गेली ती गेलीच. आता दसऱ्याला सोनं द्यायला जायचं तिनं मनाशी धरलं होतं. एसटीनं जा म्हटलं तर म्हणे, मग ती विचारेल, थ्रेशर घरी ठेवलं काय. जायचं तर याच गाडीत, आणि गाडी मुक्यानं तिच्या दारात उभी राहिली पाहिजे. माझ्याकडे रुसलेली गिऱ्हाईकं पुष्कळ आली, पण दोन बहिणींचा रुसवा चेनीवर टांगून कुणी आणला नव्हता. मी हो म्हटलं.

चेन काढण्याचं काम अवघड नाही, जपून करायचं आहे. जालन्याचे माझे उस्ताद म्हणायचे, "खोलने से पहले बाँध, बाँधने से पहले देख." आधी बॅटरीची तार काढायची, म्हणजे चुकून कुणी चावी फिरवणार नाही. गाडी आपल्याकडे एकाच माणसाची असते, पण चावी फिरवायचा हक्क सगळ्यांना असतो. मग इंजिन हातानं फिरवून खुणेवर आणायचं. खालच्या आणि वरच्या दांड्याला एकेक पिन घालून दोघांना जागच्या जागी बांधायचं. पिन जागा धरायला असते, जोर सोसायला नसते, म्हणून चक्राचा बोल्ट ढिला करताना कॅमला वेगळ्या पान्यानं धरायचं. चेनीला ताणून धरणारा एक तुकडा असतो, टेन्शनर. गाडीत तो एकटा टेन्शन घेतो म्हणून बाकीचे सुखानं फिरतात. त्याला दाबून बाहेर काढला की चेन सैल पडते आणि चक्रांसकट अलगद हातात येते. त्यानंतर नवा सेट बसेपर्यंत दोन्ही दांड्यांना कुणी बोट लावायचं नाही.

आणि सगळं काढण्याआधी खुणा करायच्या. हल्ली पांढरा रंग मिळतो. आमचे उस्ताद तेलात शेंदूर कालवून बोटानं खूण करायचे, कारण तेलकट लोखंडावर दुसरं काही धरत नाही आणि शेंदूर धरतो. फिटर लोकांची ही जुनी चाल. मीही तेच करत आलो. माझ्या फळीवर ग्रीसच्या डब्याशेजारी शेंदराची डबी कायम असायची. किराणावाला विचारायचा, "युसूफभाई, तुमच्याकडे कोणता मारुती बसवला?" मी म्हणायचो, चार सिलिंडरचा.

तर नवमीला दुपारी मी संजूची गाडी खोलली. पिना घातल्या, खुणा केल्या, चेन आणि चक्रं काढून ट्रेमध्ये ओळीनं मांडली, इंजिनाच्या उघड्या तोंडावर स्वच्छ फडकं टाकलं. नवा सेट अकोल्याहून एसटीच्या पार्सलनं दसऱ्याच्या सकाळी यायचा होता. सकाळी मी तो आणायला स्टँडवर गेलो. दसऱ्याला आमच्या गॅरेजात पूजा होते, ती शेजारचा रसवंतीवाला येऊन करतो. पान्यांना फूल, जॅकला फूल, नारळ मी फोडतो. रसवंतीवाला अजून यायचा होता, म्हणून गॅरेजचं दार नुसतं ओढून घेतलं होतं.

परत आलो तर उदबत्तीचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

आत गोदामावशी पाटावर बसून हात जोडत होती आणि संजू मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. इंजिनाला झेंडूची माळ घातलेली. फडकं घडी करून बाजूला. ट्रेमधली चक्रं पाण्यानं धुऊन, पुसून, हळदीकुंकू लावून परत मांडलेली, प्रत्येक दाताला एक ठिपका. माझ्या खुणा कुठल्या आणि मावशीचं कुंकू कुठलं, हे आता मावशीलाही सांगता आलं नसतं. आणि ताटात, एका फुलावर, माझी वरच्या दांड्याची पिन.

मी पिनेकडे बघतोय हे पाहून मावशी म्हणाली, "तो खिळा मी काढून ठेवला बापा. देवाच्या अंगात खिळा काऊन ठोकला होता?"

मी विचारलं, मावशी, हा देव कधी झाला. ती म्हणाली, "शेंदूर तूच लावला ना? मले वाटलं, तुही पूजा अर्धी राह्यली. म्हणून पुरी केली."

शेंदूर लावलेल्या दगडालाही आपल्याकडे कुणी ओलांडून जात नाही. हा तर दसऱ्याचा दिवस, समोर वाहन, त्यावर शेंदूर. चूक तिची होती असं मी आजही म्हणू शकत नाही. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात बरंच काही म्हटलं.

पिन काढल्याबरोबर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी कॅमला ढकललं होतं. दांडा जागेवरून हलला होता. संजूनं ऐकलं होतं, टक असं काहीतरी वाजलं म्हणाला. त्याला वाटलं देवानं कौल दिला. आता कॅमला तसाच ओढून जागेवर आणायला गेलो असतो तर वर आलेल्या पिस्टनवर व्हॉल्व्ह आपटले असते. मग मावशीचं देऊळगाव राजाही गेलं असतं आणि इंजिनही.

मी संजूला बाहेर बसवलं. मावशीला म्हटलं, तुम्ही बसा, पण हात पदराखाली ठेवा. ती बसली. मग खालची पिन काढून क्रँक पाव फेरा मागे घेतला, म्हणजे सगळे पिस्टन मधोमध येतात आणि व्हॉल्व्हना खाली उतरायला मोकळी जागा मिळते. त्यानंतर कॅमला पान्यानं हळूहळू त्याच्या जागेवर आणलं. स्प्रिंगा हाताला धरतात आणि मध्येच सोडतात. त्या वेळी घाई केली तर संपलं. वरची पिन परत बसली. क्रँक खुणेवर आणला, बांधला. नवी चक्रं, नवी चेन, नवा टेन्शनर बसवला. दोन्ही पिना काढून इंजिन हातानं पुरे दोन फेरे फिरवलं. कुठे अडलं नाही. नव्या चक्रांवरच्या कंपनीच्या खुणा आपल्या जागी आल्या. मला इतकं बरं वाटलं की मी मावशीला म्हटलं, तुमचा देव पावला.

पुढचं झाकण लावायला घेतलं. मसाला लावून झाला होता, म्हणजे झाकण आणि इंजिन यांच्यात तेल गळू नये म्हणून लावतात तो. तेव्हा मावशी ताट आवरत होती. तिनं फुलं बाजूला केली, वाटी उचलली, परत ठेवली, पाट हलवून पाहिला.

"युसूफ," ती म्हणाली, "माहा गणपती कुठं गेला?"

कुठला गणपती, मी विचारलं. सुपारीचा, ती म्हणाली. पूजेत गणपती म्हणून सुपारी मांडतात ती. तिनं ती इंजिनाच्या आतल्या कट्ट्यावर ठेवली होती, खालच्या चक्राच्या बाजूला. जागा चांगली होती म्हणे, देवळीसारखी.

मी झाकण खाली ठेवलं. कट्ट्यावर सुपारी नव्हती. चेनीत नव्हती. त्या जागेतून खाली थेट तेलाच्या टाकीचं पात्र लागतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. मी इंजिन फिरवताना गणपती तिथे विसर्जित झाला होता.

संजू आत आला. उन्हं कलायला लागली होती आणि त्यानं सकाळीच देऊळगाव राजाला मावसभावाला फोन करून ठेवला होता, आम्ही येतोय म्हणून. तो म्हणाला, "मिस्त्री, सुपारीच तर हाय. राहू द्या ना. तेलात भिजून मऊ होईन." कचेरीतली फाइल अशीच मऊ होत असावी. मी त्याला सांगितलं, चेंबरमध्ये तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड असतं. वाटेत राजूर घाट चढताना सुपारी घरंगळून त्या तोंडाला बसली तर तेल वर चढणार नाही आणि इंजिन घाटातच जाम होईल. तरी संजू मावशीकडे बघत राहिला. चेंबर उतरवायचं म्हणजे दुपार तिथेच गेली, आणि उशीर झाला की मावशी उद्यावर ढकलेल, उद्या परत राग आठवेल, हे त्याला माहीत होतं. मलाही दिसत होतं. म्हणून निर्णय मावशीवर सोडला.

मावशीनं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "खोल बापा. कमलकडे अंधारात पोचलो तरी चालन. पर माह्या पोराले घाटात थांबवाचं नाई."

चेंबर उतरवलं. सुपारी त्या नळीच्या तोंडावरच्या जाळीच्या अगदी शेजारी बसली होती, चांगली तेलात न्हाऊन. सोबत तांदळाचे दाणेही निघाले. पाहिलंच नसतं तर गाडी रोडला लागली असती आणि मी आयुष्यभर म्हटलं असतं, माझं काम चोख होतं. जिनं काम बिघडवलं तिनंच ते वाचवलं; शिव्या कुणाला द्यायच्या आणि आभार कुणाचे मानायचे याचा हिशेब मला अजून लागलेला नाही. मावशीनं गणपती धुतला आणि पदराच्या गाठीला बांधला.

गाडी सुरू करायला संजू बसला. त्यानं चावी फिरवली, सोडली, आणि परत फिरवली, तशी गाडी किंचाळली. ती सुरूच होती. आवाज नसल्यामुळे त्याला कळलं नाही.

नव्या चेनीवरचा पहिला लांब रस्ता म्हणून मीही सोबत निघालो. राजूर घाट चढलो, बुलढाणा गेलं, चिखली गेलं. गाडी लोण्यासारखी चालली होती. मावशी मांडीवर आपट्याची पानं घेऊन बसली होती आणि गाडीत आवाज नसल्यामुळे तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. कमल हे म्हणाली तर मी ते म्हणीन. ती ते म्हणाली तर मी हे. चिखलीपासून पुढे सगळी उत्तरं तयार होती.

देऊळगाव राजात बालाजीच्या यात्रेची गर्दी होती. आम्ही कमलच्या गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागले होते. संजूनं गाडी बरोबर दारासमोर उभी केली. इंजिन चालू ठेवलं, मुद्दाम. मावशी ताठ बसली. दार उघडं होतं, आत उजेड होता. कुणी आलं नाही.

आम्ही वाट पाहिली. संजू हॉर्न वाजवायला गेला तर मावशीनं त्याचा हात धरला. "तिले म्हाईत हाय आपण येणार हाओत," ती म्हणाली. "तरी नाई आली. चाल, फिरव गाडी."

संजूनं खरोखर गिअर टाकला. एवढ्या दुपारचं माझं काम त्या दारातून परत निघालं होतं. मी म्हटलं, जरा थांब, मला पाणी प्यायचंय, आणि उतरलो.

दाराच्या आत, भिंतीला टेकून, एक बाई खुर्चीवर बसली होती. मांडीवर ओवाळायचं ताट, त्यातलं निरांजन लावायचं बाकी. डोळे मिटलेले आणि मान रस्त्याकडे वळलेली. ऑपरेशननंतर अंगावर मांस राहिलं नव्हतं. तिचा मुलगा मागून म्हणाला, ती सकाळपासून इथेच बसलीय, जेवायलाही उठली नाही. मी म्हटलं, ताई, गाडी कधीची दारात उभी आहे.

तिनं डोळे उघडले. मग ताट मुलाच्या हातात देऊन ती भिंतीला धरून उठली आणि अनवाणी बाहेर आली. मावशी दार उघडून अर्धी उतरली होती. दोघी समोरासमोर आल्या. मावशीची चिखलीपासूनची सगळी उत्तरं तशीच राहिली.

"मले कसं कळन बाई?" कमल म्हणाली. "कान लावून बसली होती मी दिवसभर. तुह्या गाडीचा आवाजच नाई आला."

मावशीनं आधी तिच्याकडे पाहिलं. मले आणि तुह्या, दोन्ही शब्द तिनं ऐकले होते. हातातली सगळी पानं तिनं बहिणीच्या ओंजळीत टाकली आणि तिला धरून रडायला लागली. कमलही रडली. संजूनं इंजिन बंद केलं, पण ते बंद झालेलंही कुणाला कळलं नाही.

बऱ्याच वेळानं मावशीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "युसूफ, थोडासा आवाज ठेवाचा होता बापा."